सत्तावीस घड्याळं आणि एक वही

आमच्या घरात सत्तावीस घड्याळं आहेत आणि त्यातल्या दोघांची वेळ कधी एकमेकांशी जुळत नाही. भिंतीवरची धरत नाहीये मी. ही सगळी मनगटी. शिसवी लाकडाच्या पेटीत, मखमलीच्या खणाखणातून मांडलेली. आमच्या ह्यांचा छंद! बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक ज्येष्ठ नागरिक संघात जातात, भजनी मंडळात जातात. हे रोज सकाळी चहा झाला की पेटी उघडून बसतात. एकेक घड्याळ कानाला लावायचं, किल्ली द्यायची, मऊ फडक्यानं पुसायचं. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘अहो, इतकी वर्षं संसार केला, मला कधी असं कानाला लावून ऐकलं नाहीत!’ हे हसायचे आणि पुढचं घड्याळ उचलायचे.

यातली निम्म्याहून अधिक एचएमटीची. आपल्या पिढीला एचएमटीचं कौतुक काय सांगायचं? १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना निघाला आणि दहावी पास झाल्यावर, पहिल्या पगाराला, लग्नात जावयाला एचएमटी द्यायची पद्धतच पडून गेली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ अशी नावं. कांचन मिळवायला तर म्हणे वशिला लावावा लागे. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, त्या दिवशी हे जेवले नव्हते. मी मात्र मनात म्हटलं, बरं झालं, आता पेटीत भर पडायची नाही. पण झालं उलटंच! बंद पडल्यावर लोक जुनी एचएमटी शोधत फिरू लागले आणि किमती चढल्या.

बाकीच्यांत दोन फावर-लुबा, एक वेस्ट एंड, लेकीने पहिल्या बोनसमधून घेतलेलं टिसॉ आणि सगळ्यांत मानाचं म्हणजे मामंजींचं ओमेगा. त्यांच्या धाकट्या भावाने बोटीवर नोकरीला असताना आणलेलं, ‘कॉन्स्टेलेशन’ मॉडेल. मागच्या झाकणावर वेधशाळेचं चित्र आणि वर आठ चांदण्या. मामंजी ते फक्त दसऱ्याला आणि लग्नकार्यात घालायचे.

हे ओमेगाच एके दिवशी पेटीतून नाहीसं झालं.

भाऊबीजेचा दिवस

२०२३ सालची भाऊबीज. वन्सं आल्या होत्या मुलांना घेऊन. जेवणं झाली, पान-सुपारी झाली. भाचा म्हणाला, ‘मामा, आजोबांचं घड्याळ दाखव ना.’ ह्यांनी मोठ्या रुबाबात पेटी आणली. झाकण उघडलं आणि पहिल्या रांगेतला मधला खण रिकामा!

पुढचा अर्धा तास काय झालं ते आजही आठवायला नको वाटतं. कपाटं उपसली, देवघरामागे बघितलं, फराळाचे डबेसुद्धा हलवून झाले. हे सारखे म्हणत होते, ‘मी इथेच ठेवलं होतं. मी दुसरीकडे ठेवतच नाही.’ महिन्यापूर्वीच ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या गडबडीत पेटी कुणी उघडलीच नव्हती. शेवटचं कधी पाहिलं? कुणालाच सांगता येईना. 

आणि मग वन्संनी तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी प्रत्येक घरात विचारला जातो. ‘घरात येणारं-जाणारं कोण आहे गं?’

आमच्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या मावशी. सकाळी सातला यायच्या. किल्ली त्यांच्याकडेही एक असायची. माझं गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा ह्यांना पोळी-भाजी करून वाढणाऱ्या त्याच. मी वन्संना म्हटलं, ‘छे, काहीतरीच काय!’ पण मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मन फार वाईट. नको नको ते आठवायला लागलं. परवा त्यांनी दोन हजार उसने मागितले होते, ते कशाला? पेटी पुसताना एवढा वेळ का लागला होता?

सकाळी मावशी आल्या. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मावशी, साहेबांचं एक घड्याळ दिसत नाहीये. तुम्ही कुठे पाहिलंत का?’

सहज विचारलेलं सहज ऐकलं जात नाही. त्यांच्या हातातला झाडू थांबला. ‘न्हाई वहिनी,’ एवढंच म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत न चुकता आल्या, एक तारखेला पगार घेतला, किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘उद्यापासनं न्हाई जमणार.’ मी कारण विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

कॅलेंडरमागची चिठ्ठी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फोन आला. गल्लीतल्या घड्याळजींचा. ‘साहेब आहेत का? त्यांचं ओमेगा तयार आहे. स्प्रिंग बाहेरून मागवली होती, म्हणून वेळ लागला. कधी नेताय?’

मी मटकन खाली बसले. गणपतीच्या दिवसांत ह्यांनी स्वतःच ते दुरुस्तीला दिलं होतं! घड्याळजींनी चिठ्ठीही दिली होती. हे म्हणाले, ‘अगं हो, चिठ्ठी मी कॅलेंडरला टाचणीने लावली होती.’ नवीन वर्षाचं कॅलेंडर लावलं होतं, जुनं रद्दीत होतं. काढून बघितलं. सप्टेंबरच्या पानाला चिठ्ठी तशीच. पान उलटलं आणि चिठ्ठी मागे गेली, आणि आमची बुद्धीही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी मावशींच्या घरी गेले. सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी चहा केला. तिळगूळ घेतला, मला दिला. मग शांतपणे म्हणाल्या, ‘वहिनी, घड्याळ घावलं ते बरं झालं. पण न्हाई घावलं असतं तर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळ सापडलं नसतं तर अकरा वर्षांच्या त्या बाईवर आम्ही जन्मभर संशय धरून बसलो असतो. आणि तोही कशाच्या जोरावर? आमच्याकडे घड्याळांची साधी यादीसुद्धा नव्हती. किती घड्याळं आहेत विचारलं तर हे म्हणायचे ‘पंचवीसेक’ आणि मी म्हणायची ‘तीसेक’!

विमा काढायला बसलो तेव्हा

घरी आल्यावर मी ह्यांना बजावलं, ‘आता या पेटीचा हिशेब लागल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.’ आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सून विम्याच्या क्षेत्रात आहे. तिला बोलावलं. पोरगी मोठी चटपटीत. आमची सगळी कहाणी तिने ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘काकू, समजा तेव्हा तुमचा विमा असता, तर तुम्हाला पैसे मिळाले असते असं वाटतं का?’

‘म्हणजे काय? मिळालेच असते!’ मी ठसक्यात म्हटलं.

‘बहुतेक नाही,’ ती म्हणाली. आणि मग एकेक गाठ सोडवत बसली.

आपण सरसकट ज्याला ‘चोरी’ म्हणतो, ती विम्याच्या कागदावर तशी नसते. बऱ्याच पॉलिसींमध्ये ‘घरफोडी’ म्हणजे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण हवी. कुलूप तोडलेलं, खिडकीचा गज वाकवलेला. पेटीतून वस्तू नुसतीच ‘दिसेनाशी’ झाली, कधी आणि कशी ते सांगता येत नाही, अशा नुकसानीला बऱ्याच कंपन्या भरपाई देत नाहीत. घरच्या माणसाने किंवा कामाच्या माणसाने नेली, तर तेही बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ते घालतात, पण ते पॉलिसीत लिहिलेलं हवं. शिवाय चोरीचा दावा करायचा तर पोलिसांत तक्रार हवीच. तिथे पहिला प्रश्न काय, ‘संशय कुणावर?’

मी गप्प झाले. म्हणजे विमा असता, तर आम्ही मावशींचं नाव पोलीस ठाण्यात घेऊन गेलो असतो. नुसत्या कल्पनेने अंगावर काटा आला.

‘मग विमा काढायचा कशाला?’ ह्यांनी विचारलं.

‘काका, ज्याच्यासाठी असतो त्याच्यासाठी. आग, पूर, घरफोडी, प्रवासात झालेली चोरी. फक्त कोणत्या पॉलिसीत काय आहे ते वाचून घ्यायचं.’

पूर म्हटल्यावर मला माझं माहेर आठवलं. चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा दादाच्या दुकानाचा विमा होता, कारण कर्ज देताना बँकेने तो काढायलाच लावला होता. घराचा मात्र नव्हता. वहिनीच्या लग्नातलं घड्याळ, आईच्या पाटल्यांचा डबा, सगळं चिखलात गेलं. ‘दुकानाचं बँकेला कळलं, घराचं आम्हाला नाही कळलं,’ असं वहिनी अजून म्हणते.

आमच्या विमावाल्या सुनेने सांगितलं, १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराच्या विम्याची एकसारखी पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड असल्या संकटांसाठी ती आहे. घराबरोबर आतल्या सामानालाही ती आपोआप लागू होते. घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंतच. मात्र दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मीळ वस्तू या मौल्यवान चिजा त्या सामानात धरत नाहीत. त्यांची वेगळी नोंद करून, वेगळी रक्कम ठरवून घ्यावी लागते. पाच लाखांपर्यंतची एकूण रक्कम असेल आणि एकही वस्तू एक लाखाच्या वर नसेल, तर मूल्यांकनाच्या दाखल्याची अटही नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे या पॉलिसीत चोरी धरली आहे ती अशा संकटानंतरच्या सात दिवसांतली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसी लागते.

‘मग सगळी लॉकरमध्ये टाकूया,’ मी म्हटलं. त्यावरही तिचं उत्तर तयार. लॉकरमध्ये काय आहे ते बँकेला माहीत नसतं आणि बँक त्याचा विमा काढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची फसवणूक यात लॉकरचं नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत दहा लाखांचं असलं तरी तीनच! भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तर बँक जबाबदार नाही, मात्र तिने काळजी घेतलेली असली पाहिजे. 

शेवटी आम्ही मौल्यवान वस्तूंचं जे ‘ऑल रिस्क’ कलम असतं, ते घ्यायचं ठरवलं. यात घरात आणि घराबाहेर, अचानक झालेलं नुकसान धरतात. पण त्याच्याही मागच्या पानावर बारीक अक्षरात वगळलेल्या गोष्टी होत्या. नेहमीची झीज, यंत्रातला बिघाड, दुरुस्ती करताना झालेलं नुकसान, काचेला पडलेला चरा, उभ्या करून ठेवलेल्या गाडीतून गेलेली वस्तू. आणि एक वाक्य वाचून तर मी खो खो हसले. जास्त किल्ली दिल्यामुळे घड्याळ बिघडलं तर भरपाई नाही! मी ह्यांना म्हटलं, ‘बघा, विमा कंपनी तुम्हाला ओळखते.’

किंमत कशाची?

खरी गंमत पुढे आली. प्रत्येक घड्याळाची किंमत लिहायची होती. ह्यांनी ठरवलेल्या किमती आणि बाजारातल्या किमती, जमीन-अस्मानाचा फरक!

जुन्या घड्याळांच्या जाणकाराकडे पेटी घेऊन गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. ह्यांचं लाडकं फावर-लुबा, ज्याच्या निळ्या तबकडीवर हे जीव टाकायचे, ते पाहून हळूच म्हणाले, ‘तबकडी नंतर रंगवलेली आहे. याला आम्ही मुंबई स्पेशल म्हणतो.’ ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मूळ तबकडी, मूळ काटे, मूळ डबी आणि पावती असेल तर किंमत चढते. चकचकीत पॉलिश आणि नवा रंग दिला तर उलट उतरते, हे मला तिथे कळलं. आपल्या सोन्याचं बरं असतं, वजन आणि भाव. इथे जितकं म्हातारपण तितका मान.

आणखी एक हिशेब त्या सुनेने समजावला, तो तुम्हीही लक्षात ठेवा. हप्ता वाचवायला किंमत कमी लिहायची नाही. समजा खरी किंमत आठ लाख आहे आणि तुम्ही चार लाखांचाच विमा काढलात. मग एक लाखाचं नुकसान झालं तर, पॉलिसीत सरासरीचं कलम असल्यास, हातात पन्नास हजारच पडतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई. जास्त लिहूनही फायदा नाही, कारण नुकसानीच्या वेळी सर्व्हेअर खरी किंमत बघतो. त्यापेक्षा मूल्यांकन करून, दोघांनी मान्य केलेली किंमत पॉलिसीत लिहून घ्यावी आणि दर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा तपासावी.

आता घोळ झाला तो एका घड्याळावरून. मामंजींचं रोजचं एचएमटी ‘जनता’. पट्टा तीनदा बदललेला, काच पिवळी पडलेली. जाणकारांनी सांगितली किंमत दोन हजार. ह्यांनी ते यादीत पहिलं लिहिलं. सून म्हणाली, ‘काका, एवढ्याशा किमतीचं कशाला घालताय?’ हे म्हणाले, ‘ते गेलं तर तुमची कंपनी मला दोन हजार देईल, ठाऊक आहे. पण निदान ते माझ्याकडे होतं, हे कुठेतरी लिहिलेलं राहील.’

वही

त्या निमित्ताने आमच्या घरात एक वही आली. लांबट, कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तशी. त्यात प्रत्येक घड्याळाला एक पान. कंपनी, मॉडेल, मागच्या झाकणावरचा क्रमांक, कुणाकडून आलं, कधी घेतलं, पावती आहे की नाही. बाजूला समोरून आणि मागून काढलेला फोटो चिकटवलेला. एक प्रत लेकीकडे मोबाइलमध्ये पाठवलेली, कारण घर जळालं किंवा बुडालं तर वहीही जाईल, हे चिपळूणने शिकवलंय. आणि शेवटचा रकाना मी आग्रहाने घातला. ‘बाहेर गेलं’ आणि ‘परत आलं’. दुरुस्तीला दिलं, भाच्याला लग्नात घालायला दिलं, काहीही असो. तारीख आणि सही.

तुमच्याकडे घड्याळं नसतील. पैठण्या असतील, चांदीची भांडी असतील, आईचे मोत्याचे दागिने असतील. आपण बायका डब्यांवर चिठ्ठ्या लावतो, हळदीकुंकवाला कुणी काय दिलं ते लिहून ठेवतो. मग या गोष्टींची यादी का नसते? एक दुपार काढा. फोटो काढा, पावत्या एका पाकिटात घाला. विमा काढलात तर पॉलिसीचं मागचं पान आधी वाचा. नुकसान झालं तर लगेच, लेखी कळवा. कंपनीने दावा नाकारला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे लिहा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत, पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं.

आमच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता दिवाळीच्या फराळाच्या खर्चाहून कमी आहे. दोनदा नूतनीकरणही झालं. दावा करायची वेळ आली नाही, देव करो आणि न येवो.

मावशी मात्र कामावर परत आल्या नाहीत. पलीकडच्या सोसायटीत त्यांना दोन कामं मिळाली आहेत. मीच बोलावलं होतं पुन्हा, पगार वाढवून. ‘बघते,’ म्हणाल्या. त्या ‘बघते’चा अर्थ दोघींनाही कळत होता. आता आमच्याकडे येणाऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी पेटी उघडून दाखवली, वहीही दाखवली. ‘हे बघ, इथे सगळं लिहिलेलं असतं. काही दिसलं नाही तर आधी आम्ही वही बघू.’ ती बावरून हसली. तिला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे.

परवा भाजी बाजारात मावशी भेटल्या. दोघींच्या पिशव्यांतून मेथी डोकावत होती. नातवाचं, गुडघ्याचं बोलणं झालं. निघताना त्यांनी विचारलं, ‘साहेबांची घड्याळं बरी हाईत ना सगळी?’

त्या चेष्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, ‘हो, सत्तावीसच्या सत्तावीस आहेत.’

घरी आले आणि आधी पेटी उघडून मोजली.